एक गाय, सगळ्या कोंबड्या आणि अकॉर्डियन

नॉर्थ डकोटा, बीटच्या ढिगाशेजारी
४ ऑक्टोबर

ती. नॉन्क ओव्हीद यास,
तुझ्या धाकट्या भावाच्या एकुलत्या एक, हाताबाहेर गेलेल्या लेकीचा शि. सा. न.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तुझा फोन लागत नाही. माझाही लागत नाही, पण माझ्याकडे निदान कारण आहे. इथे साखरेच्या बीटची सुगी चालू आहे आणि मी ढीग लावायच्या यंत्रावर आहे. परवा वाकले तर खिशातला फोन पट्ट्यावर पडला आणि बीटांबरोबर वर गेला. आता तो चर्चएवढ्या ढिगाखाली कुठेतरी आहे. मुकादम म्हणाला, साखर कारखान्यात निघेल. तेव्हा यंदा कॉफी गोड लागण्याऐवजी वाजायला लागली तर समजून घे.

तुझं काय झालं? तांत व्हेल्माचं कार्ड आलं, त्यात आत्याबाई एवढंच लिहितात: तुझ्या सख्ख्या काकाने, म्हणजे माझ्या सख्ख्या भावाने, फोन डीप फ्रीजरमध्ये झिंग्यांच्या पिशव्यांखाली ठेवलाय, का ते त्यालाच विचार. बाई शेजारी राहते, एवढी बोलते आणि कार्डावर मात्र मुकी होते. म्हणून घोर लागला.

इथे थंडी अशी आहे की नाक आपलं आहे की नाही ते चाचपून बघावं लागतं. माझ्याबरोबर एक निवृत्त विदूषक कामाला आहे. तो जेवणाच्या सुट्टीतही हसत नाही, म्हणतो पगारी काम फुकट कशाला करू. त्याच्याकडून मी तीन बीट हवेत झेलायला शिकत होते, त्यात एक मुकादमाच्या डोक्यात... असो. विषय तुझा होता.

तुझी बर्फगोळ्याची होडी कशी चाललीय? इथे मी सगळ्यांना सांगते की माझा काका बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याच्या, पाण्यात होडीतून बर्फाचे गोळे विकतो. कुणाचा विश्वास बसत नाही. फोटो पाठव.

माया आहे तेवढीच पातळ न करता ठेवावी.
तुझी,
अझेली

बायू मूशेट, लुइझियाना
१२ ऑक्टोबर

चि. अझेलीस,
नॉन्क ओव्हीदचे अनेक आशीर्वाद. आशीर्वादाला पैसे पडत नाहीत म्हणून अनेक.

फोटो पाठवता येत नाही, कारण होडी पाण्याखाली आहे. बर्फ जड, बर्फ किसायचं यंत्र त्याहून जड, आणि मी कसा आहे ते तुला ठाऊक आहे. शेजारच्या म्हाताऱ्या सोनियेच्या धक्क्याजवळ वळण घेताना ती शांतपणे बसली. बुडाली म्हणवत नाही, बसलीच. सातही सरबतं फुटली. बायू सकाळी लाल होता, दुपारी हिरवा झाला. निळ्या जबड्याची मगर पाहिल्याचं म्हातारा सोनिये चर्चमध्ये शपथेवर सांगतो.

होडी कर्जावर होती, यंत्र क्रेडिट कार्डावर, आणि त्या कार्डाचे हप्ते दुसऱ्या कार्डावर. सगळं मिळून सव्वीस हजार डॉलर. वसुलीवाला ब्रँडन नावाचा पोरगा रोज फोन करतो. माझ्या आईनेही माझी इतकी विचारपूस कधी केली नव्हती. म्हणून फोन फ्रीजरमध्ये.

तेव्हा मी दिवाळखोरीचा अर्ज करणार आहे. ओपेलूसासमध्ये लाटिओलेबाई म्हणून वकील आहेत, पहिला अर्धा तास फुकट. मी पंचवीस मिनिटं नुसता रडलो. उरलेल्या पाच मिनिटांत त्यांनी सांगितलं की कोर्ट एक ट्रस्टी नेमतं, तो माझं जे काही असेल ते विकून सावकारांना वाटतो, पण आपल्या राज्याच्या कायद्याने काही वस्तूंना हात लावता येत नाही. पस्तीस हजारांपर्यंत घर (एवढी किंमत ह्या घराची वाळवीच्या लेखीही नाही), जुना ट्रक, खाट, चूल, डीप फ्रीजर, बंदुका, घरच्या माणसांच्या तसबिरी, कुत्री-मांजरं, सगळ्या कोंबड्या आणि घरच्या वापराची एक गाय. म्हणजे क्लोटील्ड वाचली. तिला मी सांगितलं. तिने मान फिरवली.

आता खर्च ऐक. कोर्टाची फी तीनशे अडतीस डॉलर. वकीलबाईंचे वेगळे. त्याआधी पैसे कसे वापरावेत ह्याची फोनवरची शिकवणी, तिचेही पैसे. म्हणजे माझ्याकडे पैसे नाहीत हे सिद्ध करायला पैसे लागतात. बाई म्हणाल्या, कोर्टाची फी हप्त्यांनी भरता येते. मी म्हटलं, बाई, हप्त्यांमुळेच मी तुमच्या खुर्चीत बसलोय.

खरी अडचण वेगळीच आहे. यादीत वाद्यंही आहेत, पण तीच, जी कर्जदार किंवा त्याच्या घरचं माणूस वाजवतं किंवा ज्यावर सराव करतं. तुझ्या बापाचा अकॉर्डियन कपाटात आहे. एल्रिकचा ट्रक मोडला त्या वर्षी त्याने तो मला दीडशेला विकला आणि पावती दिली, त्यामुळे कागदोपत्री तो माझा. लाफायेतचा दुकानदार त्याचे सात हजार सांगतो. बाईंनी विचारलं, वाजवतं कोण? मी म्हटलं, एल्रिक गेल्यापासून कुणी नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

तो मी तुझ्यासाठी सांभाळला होता, पोरी. मोठी झालीस की द्यायचा असं ठरवलं होतं, पण तू मोठी होताना एका जागी थांबलीच नाहीस.

जेव. ममता जशी आहे तशी मान्य करून घ्यावी.
तुझा,
ओव्हीद

नॉर्थ डकोटा
२० ऑक्टोबर

ती. नॉन्क यास,
शि. सा. न., आणि घाईघाईने.

तुझं पत्र मी कपडे धुवायच्या दुकानात वाचलं. वाचताना साबण दोनदा घातला. सगळं दुकान फेसात. मालकीणबाई ओरडत आल्या, मी त्यांना होडी, मगर, अकॉर्डियन सगळं सांगितलं, तर त्या पुसायचं सोडून बसूनच राहिल्या.

त्यांना आणि मला मिळून उपाय सुचले आहेत. एक, अकॉर्डियन आजच्या आज पोस्टाने मला पाठव. कपाट रिकामं, ट्रस्टी रिकाम्या हाताने परत. दोन, कोंबड्या सगळ्या वाचतात म्हणालास ना? मग अकॉर्डियन विकून सात हजारांच्या कोंबड्या घे. सगळं मिटलं की कोंबड्या विक आणि अकॉर्डियन परत घे. तीन, सांग की अझेली वाजवते. नऊ वर्षांची असताना मी तो मांडीवर घेतला होता, डॅडने फोटोही काढला होता. मी घरचंच माणूस आहे ना? फक्त घरी नसते.

खरं सांगू? डॅड गेल्यावर ते कपाट मी कधी उघडलं नाही. मला वाटायचं, आत आहे म्हणजे आहे, बघायची काय गरज. आता तो दुकानदार त्यावर किमतीची चिठ्ठी लावेल ह्या कल्पनेनेच मला त्याच्या दुकानाची काच फोडावीशी वाटते. (फोडणार नाही. इथून बसला दोन दिवस लागतात, तोवर राग उतरेल.)

विदूषक म्हणतो चौथा उपाय आहे, पण तो पगाराशिवाय सांगणार नाही.

मायेत खंड नको. पार्सल लवकर पाठव.
अझेली

बायू मूशेट
२९ ऑक्टोबर

चि. अझेलीस आशीर्वाद, पण जरा कमी.

तुझं पत्र मी लाटिओलेबाईंना दाखवलं. त्यांनी आधी खिडकीचा पडदा ओढला. मग म्हणाल्या की अर्ज करायच्या तोंडावर नातेवाइकाला वस्तू देऊन टाकली, तर ट्रस्टी मागची दोन वर्षं उकरून ती परत आणतो, वर माझं कर्ज माफ होणं बंद, आणि खोटं शपथेवर सांगितलं तर तुरुंग. कोंबड्यांच्या बाबतीत त्यांनी विचारलं की एकटा विधुर दिवसाला किती अंडी खातो. मांडीवर घेणं म्हणजे वाजवणं नव्हे, आणि घरचं माणूस म्हणजे घरात राहणारं माणूस. तुझ्यासाठी निरोप आहे की ह्यापुढे तू पत्रात फक्त बीटबद्दल लिहावंस.

मग राहिलं काय? मीच. कायदा छान वाजवा असं म्हणत नाही. वाजवतो किंवा सराव करतो, एवढंच. पण अर्ज दाखल होईल त्या दिवशी ते खरं असलं पाहिजे. बाई बजावून म्हणाल्या, मिस्टर गिद्रो, मी खोटी ओळ लिहिणार नाही, तुम्ही ती खरी करून आणा.

म्हणून मी सुरुवात केली आहे. तू हसशील. हास. पाद्रीबाबांनी मला लहानपणीच सांगितलं होतं की ओव्हीद, तू फक्त ओठ हलव, देवाला कळतं. आपल्या घराण्यातलं सगळं संगीत एल्रिकने नेलं, मला भूक आली. आणि हे वाद्य कुणी काढलं? उजवीकडे दहा बटणं, डावीकडे दोन. तेच बटण भाता दाबला की एक सूर देतं आणि ओढला की दुसराच. व्हेल्मासारखं झालं, जाताना एक बोलते, येताना एक.

एल्रिकचा तो वॉल्ट्झ आठवतो? त्याचे पहिले चार सूर मला जवळजवळ आलेत. क्लोटील्ड कुंपणाच्या पार टोकाला जाऊन उभी राहते.

ममता असू दे, युक्त्या नकोत.
ओव्हीद

बायू मूशेट, शेजारच्या घरातून
९ नोव्हेंबर

चि. अझेली हिस,
तांत व्हेल्माचे कानात कापूस घालून आशीर्वाद.

पोरी, तू बीट गोळा करतेस की दगड, मला माहीत नाही, पण जिथे आहेस तिथे शांतता आहे, तिथेच राहा. तुझा काका सकाळी कॉफीनंतर बसतो तो जेवणापर्यंत, आणि जेवणानंतर बसतो तो अंधारापर्यंत. चार सूर. तेच चार. चौथा आला की थांबतो, शिवी देतो, पुन्हा पहिल्यापासून. शिवी मात्र सुरात असते.

माझ्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलं. त्याच्या कोंबड्या देतात, त्या बहुतेक सुरुवातीपासूनच बहिऱ्या. म्हाताऱ्या सोनियेकडे कानाचं यंत्र आहे म्हणून आम्ही त्याला नशीबवान म्हणायचो, काढून ठेवलं की झालं. पण तो म्हणतो, हे यंत्र काढलं तरी छातीत ऐकू येतं.

मी त्याला म्हटलं, ओव्हीद, सोड ना ती पेटी, एल्रिक वर बसून कपाळाला हात लावत असेल. तर म्हणतो, अझेलीची आहे. असं म्हणून परत सुरू. मी आत येऊन पत्त्यांचा डाव मांडला, त्यातही लक्ष लागेना.

कर्जाचं गावात कुणी बोलत नाही, तुला माहीत आहे आपली रीत. सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे तो का वाजवतो हेही कुणी विचारत नाही. लोकांना वाटतं ओव्हीदच्या डोक्यावर परिणाम झाला. सोनियेबाई सूप घेऊन आली होती.

तुला स्वेटर विणत होते, पण टाके चुकतात, कारण सांगायला नको. माया कमी झाली नाही, झोप तेवढी कमी झाली आहे.
तांत व्हेल्मा

मिनेसोटा, नाताळच्या झाडांचं शेत
२२ नोव्हेंबर

ती. नॉन्क यास शि. सा. न.

वकीलबाईंच्या आज्ञेनुसार आधी बीटबद्दल. बीट संपले.

आता मी नाताळची झाडं तोडते. इथे यायचं नव्हतं, मी दक्षिणेकडच्या बसची वाट बघत होते. पण शेजारच्या बाकावरच्या बाई आपल्या आठ बहिणींची गोष्ट सांगत होत्या, आणि पाचव्या बहिणीने पाद्र्याला पळवलं तिथे त्यांची बस आली. मग काय करणार, चढले. सहावी अगदीच साधी निघाली. पण बाईंच्या जावयाचं हे झाडांचं शेत आहे.

नॉन्क, हे पत्र नीट वाच. तांतने सगळं कळवलं. तू माझ्यासाठी एवढा त्रास घेऊ नकोस. म्हणजे घे, कारण मला तो अकॉर्डियन हवा आहे, पण घेऊ नकोस असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. झाडं तोडताना मी तो वॉल्ट्झ गुणगुणायचा प्रयत्न केला. पाचवा सूर मला आठवेना. डॅडचा चेहरा आठवतो, बूट आपटणारा पाय आठवतो, पण पाचवा सूर नाही. तू तिथवर पोचलास तर लगेच कळव. कसा आहे ते लिहून कसं कळवशील ते मला माहीत नाही, पण कळव.

सोबत चाळीस डॉलर. फीसाठी. वकीलबाईंना सांगून घे, नाहीतर परत पडदा ओढतील.

लोभ पोस्टाने पाठवता येत असता तर तिकिटं कमी पडली असती.
अझेली

बायू मूशेट
३ डिसेंबर

चि. अझेलीस अनेक, अगणित आशीर्वाद!

पोरी, तुझा काका कलावंत झाला.

शनिवारी सोनियेच्या अंगणात डुक्कर कापायचा मेळा होता. थंडी पडली की दरवर्षीचा, तुला माहीतच आहे. बायका सॉसेज भरत होत्या, पुरुष कढईभोवती उभे राहून सल्ले देत होते. मी पेटी घेऊन गेलो होतो, म्हटलं सरावाचा दिवस का बुडवा. कोपऱ्यात बसून वाजवलं. पाचवा सूर आता येतो. (कसा आहे ते लिहिता येत नाही. दार उघडल्यासारखा आहे.)

थोड्या वेळाने सोनिये आला. हातात कॉफीचा मोठा डबा. सगळी मंडळी मागे उभी, टोप्या हातात. काही न बोलता त्याने डबा माझ्या मांडीवर ठेवला. उघडून बघतो तर नोटा! एकशे बारा डॉलर. नाचाच्या हॉलमध्ये एल्रिकसमोर लोक असाच डबा ठेवायचे, तू लहान होतीस. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी उभा राहिलो, कमरेत वाकलो आणि आभार म्हणून येते तेवढी अख्खी चाल आणखी तीनदा वाजवली. मंडळींनी टोप्या कानांपर्यंत ओढल्या. सोनियेबाई तर हुंदका देऊन घरात गेली.

तुझे चाळीस आणि हे एकशे बारा. फीची सोय होत आली. लाटिओलेबाईंकडे उद्या जातो.

एका वादकाची माया एवढी उत्तम असते हे मला आता कळलं.
ओव्हीद

बायू मूशेट
१० डिसेंबर

चि. अझेली,
आशीर्वाद. हे पत्र बसून वाच.

ते पैसे थांबण्यासाठी होते.

सोनियेने घरोघर फिरून गोळा केले होते, ओव्हीदने निदान नाताळपर्यंत ती पेटी बंद ठेवावी म्हणून. पण आपल्या लोकांचं तोंड! टोप्या हातात घेऊन उभे राहिले, एकानेही सांगितलं नाही. आणि त्याने वर आणखी तीनदा वाजवलं. मी कढईमागे सॉसेज भरत होते, हसू दाबताना आतड्याला भोक पडलं.

ओव्हीद छाती पुढे काढून वकीलबाईंकडे गेला. बाई म्हणाल्या, अर्जात प्रत्येक मिळकत लिहावी लागते, देणाऱ्याला विचारून या कशाबद्दल दिली. सोनिये शपथेचा पक्का माणूस. त्याने खरं तेच लिहून दिलं. तेव्हा आता सरकारी कागदावर, मिळकतीच्या रकान्यात, तुझ्या काकाच्या नावापुढे लिहिलंय: संगीत न वाजवल्याबद्दल, एकशे बारा डॉलर.

बिचारा दोन दिवस घराबाहेर आला नाही. पेटीही नाही. मी सांगते, ती शांतता मला जास्त टोचली. मी गेले तर स्वयंपाकघरात बसला होता. म्हणाला, व्हेल्मा, पैसे ठेवले तर थांबावं लागेल, थांबलो तर कायद्याने पेटी गेली. पैसे परत केले तर फी नाही, आणि फी नाही तर ब्रँडन आहेच. मी म्हटलं, आणि लाज? तर म्हणाला, ती वगळलेल्या वस्तूंत नाही, ती केव्हाच गेली.

मग मात्र मी रीत मोडली. सोनियेच्या अंगणात उभी राहिले आणि सगळं उघड सांगितलं. दिवाळखोरी, यादी, गाय, एल्रिकची पेटी, तुझं नाव, सगळं. आणि म्हटलं, अकलेच्या खंदकांनो, कायदा फक्त अर्ज दाखल होईल तो दिवस बघतो. तुम्ही त्याला गप्प बसायचे पैसे देताय, तेच फीला द्या. अर्ज जितक्या लवकर जाईल तितक्या लवकर त्याच्या सरावाची गरज संपेल.

एवढी धावपळ मी चक्रीवादळातसुद्धा पाहिली नाही. संध्याकाळच्या आत तीनशे अडतीस पुरे होऊन वर वकीलबाईंच्या फीतही भर पडली. सोनियेने स्वतःच्या ट्रकने त्याला ओपेलूसासला नेलं. म्हणे वाटेत गाडी पुढे काढायची बंदी असलेल्या ठिकाणीही काढली. अर्ज दाखल झाला. नव्या पैशांचीही नोंद झाली, शेजाऱ्यांकडून भेट म्हणून.

परत आल्यावर ओव्हीदने सांगितलं की जानेवारीत ट्रस्टीसमोर चौकशी आहे, आणि बाई म्हणाल्या तोवर सराव सोडू नका. सोनिये ट्रकमध्येच बसून राहिला.

पाठीशी माया असू दे. आम्हाला गरज आहे.
तांत व्हेल्मा

बायू मूशेट
२० जानेवारी

चि. अझेलीस आशीर्वाद.

चौकशी झाली. क्रमाने सांगतो, नाहीतर तुझ्यासारखं होईल.

चौकशी पडद्यावर असते. लाटिओलेबाईंच्या कचेरीत संगणकासमोर बसलो. पडद्यावर चौकटी चौकटी, प्रत्येक चौकटीत माझ्यासारखाच एकेक बुडालेला, आपली पाळी यायची वाट बघत. मधल्या चौकटीत ट्रस्टी पेटीग्र्यूसाहेब. माणूस उत्तरेकडचा, टाय घट्ट, आवाज कोरडा. ब्रँडन आला नाही. मला थोडं वाईटच वाटलं, एकदा चेहरा बघायचा होता.

शपथ झाली. घर, ट्रक, गाय झाली. गाय घरच्या वापराची का, विचारलं. मी म्हटलं, तीच घर वापरते. बाईंनी टेबलाखालून पाय मारला.

मग अकॉर्डियन. साहेब म्हणाले, किंमत सात हजार, सूट मागितलीय, पण इथे एक नोंद दिसते की संगीत न वाजवल्याबद्दल तुम्हाला पैसे मिळाले. तर मिस्टर गिद्रो, तुम्ही हे वाद्य वाजवता की नाही?

पोरी, मी शपथेवर होतो. हो म्हणालो असतो तर खोटं झालं असतं. अख्खा बायू मूशेट साक्षीला आला असता. मी म्हटलं, साहेब, मी वाजवत नाही. मला ऐकलेला कुणीही म्हणणार नाही की मी वाजवतो. मी सराव करतो. रोज करतो. आधी भीतीने करायचो, आता मला माहीत नाही का करतो.

साहेब म्हणाले, दाखवा.

मी पेटी घेतली. भाता पार ओढला. पहिले चार सूर, मग पाचवा, मग त्यापुढचे, जे तुझ्या बापाने कधी रचले नव्हते. बाईंची भिंतीवरची पदवी तिरकी झाली. पडद्यावर एका चौकटीतलं कुत्रं विव्हळायला लागलं. ॲबव्हिलच्या एका बाईंच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, चाल ओळखली. तर त्या म्हणाल्या, साहेब, माझी जेवणाची सुट्टी संपत आली, ह्यांना काय हवं ते देऊन टाका.

पेटीग्र्यूसाहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. म्हणाले, ह्या खुर्चीवर बसून मी खोटं बोलणारी पुष्कळ माणसं पाहिली, पण फसवायचं असतं तर कुणी असं वाजवलं नसतं. सराव सिद्ध झाला. हरकत नाही. पुढचे.

पेटी राहिली, अझेली. गायही राहिली. काही महिन्यांत कर्ज माफ झाल्याचा कागद येईल. मध्ये अजून एक शिकवणी आहे, तिचेही पैसे आहेत. मी आता रागवत नाही.

तुझी ममता लाभली तेवढी पुरे, आणखी मिळाली तर नाही म्हणणार नाही.
ओव्हीद

आर्कान्सा, बस थांब्यावरून
१ फेब्रुवारी

ती. नॉन्क यास,
नाचत नाचत शि. सा. न.

तुझं पत्र वाचून मी बस थांब्यावर ओरडले. एका माणसाच्या हातातलं सँडविच पडलं. त्याला अर्धं माझं दिलं, तर तो अकॉर्डियनचे पट्टे शिवणारा निघाला! (नाही, तो घोड्याची खोगिरं शिवतो, पण पट्टा म्हणजे पट्टाच.) त्याने जुन्या चामड्याचा एक पट्टा मला दिला. त्याबद्दल मी त्याची गाडी धुतली, मग त्याच्या बहिणीची, आणि त्यात चार दिवस गेले. (पाकिटावर तिचाच पत्ता टाकलाय.)

पण आता मी सरळ येतेय. वाटेत कुणाचीही गोष्ट ऐकणार नाही. मार्दी ग्राच्या सणाच्या आत पोचते. कर्जमाफीचा कागद हातात येईपर्यंत पेटीला हात लावणार नाही, वकीलबाईंना सांग. पण त्यानंतर तुझी सुटका. तू एवढी वर्षं सांभाळलीस, एवढे हाल सोसलेस. आता पेटी मी घेऊन जाते. तुलाही सुटल्यासारखं होईल, तांतलाही.

भेटीपर्यंत माया राखून ठेवावी, आल्यावर सगळी एकदम घेईन.
अझेली

बायू मूशेट
८ फेब्रुवारी

चि. अझेलीस,
आशीर्वाद, आणि जरा अवघड बोलणं.

हे पत्र मी दोनदा फाडलं. आर्कान्सातल्या खोगीरवाल्याच्या बहिणीच्या पत्त्यावर पाठवतोय, तू अजून तिथेच असशील ह्या खात्रीने.

पेटी मिळणार नाही.

सगळा खटाटोप तुझ्यासाठीच केला, हे खरं आहे. व्हेल्मा दारात उभी राहून तेच ओरडतेय, की ओव्हीद, लाज वाटू दे, पोरीची आहे ना, तूच म्हणत होतास ना. होतो म्हणत. चौकशीच्या दुसऱ्या दिवशी कॉफी घेतली, आणि आता गरज नाही म्हणून पेटी कपाटात ठेवली. दार लावलं. मग क्लोटील्डला चारा घातला. मग परत येऊन दार उघडलं. सोनियेने खिडकीतून पाहिलं आणि आपली खिडकी लावून घेतली. तक्रार कशाची करणार, कायदेशीर आहे.

वॉल्ट्झच्या दुसऱ्या भागात शिरलोय. तिथे एक वळण आहे, एल्रिक तिथे बूट आपटायचा. चाळीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसून ते ऐकलं आणि मला वाटायचं तो नुसता मजेत आपटतो. नाही पोरी. तिथे सूर इतका लांब आहे की हवा संपते, आणि आपटलं नाही तर भाता बंद पडतो. हे मला आता कळलं. कुणाला सांगणार? म्हणून तुला लिहितो.

ते मी आता सोडू शकत नाही. तुला देऊन टाकली तर तू ती बसमध्ये घालशील, कुणाची तरी गोष्ट ऐकशील आणि ती एखाद्या ढिगाखाली जाईल.

पण मला दोन्ही हात एकदम चालवता येत नाहीत. उजव्याला चाल सापडली की डावा झोपतो. लाटिओलेबाईंना विचारलं, घरचं माणूस म्हणून अर्धी पेटी वाजवली तर चालतं का? त्या म्हणाल्या, त्यांनी असा खटला पाहिलेला नाही, पण पाहायला आवडेल. तेव्हा ये. पट्टा घेऊन ये. माझ्या डाव्या बाजूला खुर्ची ठेवली आहे. उजवीकडची दहा बटणं माझी. डावीकडची दोन आजपासून तुझी.

वाट बघतो.
नॉन्क ओव्हीद